लुटुपुटूच्या खेळाचे फायदे: दाव्यांमागची पार्श्वभूमी

लुटुपुटूच्या खेळाने भाषा सुधारते, सर्जनशीलता वाढते, संयम येतो, दुसऱ्याचं मन कळायला लागतं, असं हल्ली एका दमात सांगितलं जातं. हे चारही दावे एकाच वेळी आलेले नाहीत. प्रत्येकाचा उगम वेगळा आहे आणि प्रत्येकामागचा पुरावाही सारख्या ताकदीचा नाही.

एकोणिसाव्या शतकात खेळाला शिक्षणात जागा मिळाली ती ठोकळे, चेंडू, गाणी यांच्या रूपाने. १८४० मध्ये 'बालोद्यान' हा शब्द रूढ झाला, पण तिथला खेळ बराचसा शिक्षकाने आखलेला असे. १८९६ मध्ये प्राण्यांच्या खेळावरच्या एका जर्मन ग्रंथाने 'खेळ म्हणजे पुढच्या आयुष्याची रंगीत तालीम' हा विचार मांडला. याच्या अगदी उलट, १९०७ मध्ये रोममध्ये सुरू झालेल्या बालगृहाच्या (माँटेसरी) पद्धतीत 'खोटं-खोटं' खेळाला जवळपास थारा नव्हता: खोट्या कपातून चहा पाजण्यापेक्षा खरा कप विसळू द्या, अशी भूमिका. म्हणजे बालशिक्षणाच्या दोन मोठ्या परंपरा सुरुवातीपासूनच या प्रश्नावर एकमेकींच्या विरोधात होत्या.

आजच्या दाव्यांचा खरा पाया १९३३ मध्ये लेनिनग्राडमध्ये दिलेल्या एका व्याख्यानात आहे. ते छापून आलं १९६६ मध्ये आणि इंग्रजीत पोचलं १९६७ मध्ये, म्हणजे तीस-पस्तीस वर्षं ते जगाच्या चर्चेत नव्हतंच. त्यातला मुद्दा नीट वाचला तर तो मोकळेपणाचा नाही, नियमांचा आहे. मूल काठीवर बसून 'घोडा' म्हणतं तेव्हा शब्दाचा अर्थ वस्तूपासून सुटा होतो. काठी ही तो अर्थ उचलून नेणारी खुंटी ठरते. दुसरं उदाहरण दोन बहिणींचं. एक पाच वर्षांची, एक सात वर्षांची, दोघी मिळून 'बहिणी-बहिणी' खेळतात. एरवी त्या बहिणी असतात, पण त्याकडे त्यांचं लक्ष नसतं. खेळात मात्र बहिणीने कसं वागायचं हे ठरवून पाळावं लागतं: सारखे कपडे, हातात हात, दुसऱ्यांपासून वेगळेपण. भूमिका घेतली की नियम आलाच, आणि तो कुणी बाहेरून लादलेला नसतो.

१९४८ मध्ये त्याच परंपरेत हे तपासून पाहिलं गेलं. लहान मुलांना नुसतं 'हलू नको' सांगितलं, आणि पहारेकऱ्याची भूमिका देऊन उभं केलं. भूमिकेत मुलं जास्त वेळ स्थिर राहिली. संयमाविषयीचा आजचा दावा इथून येतो. याउलट १९४५ च्या फ्रेंच ग्रंथाने प्रतीकात्मक खेळाकडे 'जग आपल्या मनाप्रमाणे वळवून घेणं' म्हणून पाहिलं. त्या मांडणीत खेळ हा विकासाचं चिन्ह जास्त आणि कारण कमी. चिन्ह की कारण, या प्रश्नाभोवतीच पुढची सगळी भांडणं फिरतात.

इथे शब्दांचा गुंता सोडवून घ्यायला हवा, कारण त्यानेच सर्वात जास्त घोळ घातला आहे. 'कल्पक खेळ' हा शब्द निदान चार गोष्टींसाठी वापरला जातो. एक, वस्तूची अदलाबदल (ठोकळा म्हणजे फोन). दोन, भूमिका घेणं. तीन, दोघातिघांनी मिळून रचलेलं नाट्य. चार, नुसता मोकळा खेळ, ज्यात 'खोटं-खोटं' असेल किंवा नसेलही. १९६८ च्या एका अभ्यासाने तिसऱ्या प्रकाराची सहा लक्षणं काटेकोरपणे दिली: भूमिका, वस्तूंविषयीची मानलेली गोष्ट, कृती आणि प्रसंगांविषयीची मानलेली गोष्ट, किमान दहा मिनिटं टिकणं, किमान दोन खेळाडू, आणि बोलणं. मूल एकटंच बाहुली झोपवत असेल तर ही व्याख्या लागू होत नाही. तरीही त्या अभ्यासातले निष्कर्ष एकट्या बाहुलीच्या खेळालाही सर्रास चिकटवले जातात.

'सर्जनशीलता वाढते' या दाव्याचं मूळ १९७३ च्या एका प्रयोगात आहे. बालवाडीच्या वयाच्या मुलांना कागदी रुमाल, क्लिपा, स्क्रूड्रायव्हर अशा वस्तू दिल्या. एका गटाने त्यांच्याशी दहा मिनिटं मनसोक्त खेळायचं, दुसऱ्याने मोठ्यांची नक्कल करायची, तिसऱ्याने वेगळंच काही करायचं. मग 'या वस्तूचं काय काय करता येईल?' असं विचारलं. खेळलेल्या गटाने जास्त उपयोग सांगितले. हा निकाल फार गाजला. पण लक्षात घ्या, मुळात तो मोकळ्या खेळाचा, म्हणजे वरच्या चौथ्या अर्थाचा प्रयोग होता. श्रेय मात्र कल्पनेच्या खेळाच्या खात्यात जमा झालं.

१९८७ मध्ये त्याच धर्तीवर पुन्हा प्रयोग झाला, एका बदलासह. प्रश्न विचारून उत्तरं टिपणाऱ्याला कोणतं मूल कोणत्या गटातलं आहे हे माहीत नव्हतं. फरक नाहीसा झाला. कारण समजून घेण्यासारखं आहे. ज्याने मुलाला खेळवलं तोच परीक्षा घेत असेल तर तो नकळत थोडा जास्त वेळ थांबतो, 'आणखी?' असं हसून विचारतो, संदिग्ध उत्तराला गुण देतो. त्यात कुणाची लबाडी नसते, पण चार वर्षांच्या मुलाला तेवढा इशारा पुरतो.

हे सगळं साचत जाऊन २०१३ चा मोठा आढावा आला, आणि त्याने घेतलेला एक निर्णय आजही वादाचा आहे. उपलब्ध अभ्यास तीन शक्यतांच्या चाळणीतून काढायचे, असं ठरलं: हा खेळ अत्यावश्यक आहे, तो अनेक वाटांपैकी एक वाट आहे, किंवा तो दुसऱ्याच कशाचा, समजा घरात होणाऱ्या गप्पांचा, उपपरिणाम आहे. सर्जनशीलता, प्रश्न सोडवणं, बुद्धिमत्ता यांसाठी 'अत्यावश्यक' ही शक्यता टिकली नाही. भाषा, गोष्ट सांगणं आणि भावनांवरचा ताबा यांच्याबाबत तिन्ही शक्यता खुल्या राहिल्या. नियतकालिकाच्या त्याच अंकात विरोधी उत्तरंही छापली गेली. त्यांचा गाभा असा: प्रयोग कच्चे असतील तर त्यातून 'फायदा नाही' हेही सिद्ध होत नाही.

आमच्या मते चाळणी योग्य होती, पण तिच्यात घातलेलं धान्य फार थोडं होतं. प्रौढाने ठरवलेली जागा, प्रौढाने दिलेली वस्तू, घड्याळ लावून दहा मिनिटं: यात १९३३ च्या व्याख्यानातला 'मुलाने स्वतः घेतलेला नियम' उरतोच कुठे? मात्र याचा आधार घेऊन जुने दावे जसेच्या तसे पुन्हा छापणं हेही चूकच आहे, आणि ते आजही सुरू आहे.

नंतरचे अभ्यास जास्त नेमके आहेत. २०१६ मध्ये पाच आठवड्यांच्या एका प्रयोगात अद्भुत कल्पनांचा खेळ आणि कल्पना नसलेला खेळ असे वेगळे गट ठेवले गेले, आणि पहिल्या गटात तात्पुरत्या स्मृतीत सुधारणा दिसली. २०१७ मध्ये चार आणि सहा वर्षांच्या मुलांना दहा मिनिटं कंटाळवाणं काम दिलं. ज्यांनी एखाद्या आवडत्या वीराची भूमिका घेऊन स्वतःला त्याच्या नावाने 'तो मेहनत करतोय ना?' असं विचारलं ती मुलं कामाला जास्त वेळ चिकटून राहिली. १९४८ चा पहारेकरी इथे पुन्हा भेटतो.

मन कळण्याचा दावा १९८७ मध्ये केळ्याचा फोन करण्याच्या उदाहरणावरून पुढे आला. एक साधी चाचणी त्याच विचारातली. दोन रिकामे कप घ्या, दोन्हींत खोटा चहा ओता, एक उपडा करून झटका, मग 'रिकामा कोणता?' विचारा. दोन-तीन वर्षांचं मूल उपडा केलेला कप दाखवतं, खरं तर दोन्ही कोरडेच असतात. खरं जग आणि मानलेलं जग शेजारी-शेजारी ठेवायची ही कुवत. दुसऱ्याच्या मनातलं जग वेगळं असू शकतं हे कळायलाही तीच लागते, असा हा दावा. १९९२ पासून अठरा महिन्यांच्या वयातल्या स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) प्राथमिक तपासणीच्या प्रश्नावलीत खोट्या खेळाविषयीचा प्रश्न आला. त्या एकाच प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर त्याला निदान समजू नये. बोट दाखवून लक्ष वेधणं आणि दुसऱ्याच्या नजरेमागे जाणं यांच्यासोबतच तो वाचायचा असतो.

खेळाच्या साहित्याच्या बाबतीत वयाचा हिशेब चुकला की खेळ कोलमडतो. अडीच वर्षांच्या मुलाला फोनऐवजी फोनसारखंच काहीतरी लागतं. साडेतीनपर्यंत वेगळ्याच आकाराची वस्तू किंवा नुसती हवाही चालते. म्हणून 'मोकळं साहित्यच द्या' (ज्याला काहीही मानता येईल असं) हा सरसकट सल्ला सर्वात लहान मुलांना लागू पडत नाही. दात घासायचा अभिनय करायला सांगा: तीन-चार वर्षांचं मूल बोटच दातांवर फिरवतं, आठ वर्षांचं मूल मुठीत न दिसणारा ब्रश धरतं आणि त्याच्या लांबीची जागाही सोडतं.

वेळेचा मुद्दा याहून सरळ आहे. १९८८ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांची पंधरा आणि तीस मिनिटांची सत्रं तुलनेला घेतली, तेव्हा गटातलं नाट्य तीस मिनिटांत जास्त उमललं. पंधरा मिनिटं भूमिका वाटण्यातच जातात: तू डॉक्टर, मी पेशंट, नाही मी डॉक्टर, बरं मग दोन डॉक्टर. ही घासाघीस म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे, भाषेचं काम तिथेच होतं. पण तिच्यानंतर खेळायला काही उरायला हवं. वेळापत्रकात दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडले तर मुलं नाट्य सोडून ठोकळे रचण्याकडे वळतात, कारण ते मधेच थांबवता येतं.