पार्श्वभूमी: बसचा एअर ब्रेक, स्लॅकचा पाना आणि कोल्हापूरचे घाट

कोल्हापुरातून कोकणात उतरायचं तर घाट चुकत नाही. रत्नागिरीच्या वाटेवर आंबा, वैभववाडीकडे करूळ नाहीतर भुईबावडा, राधानगरीवरून फोंडा, आजऱ्यावरून आंबोली. या रस्त्यांवर बस चालवणाऱ्याला गाडी किती झटकन थांबते यापेक्षा शेवटच्या वळणापर्यंत ब्रेक शिल्लक राहतो का, याची काळजी जास्त. घाटात अपघात झाला की बातमीत ‘ब्रेक फेल’ एवढंच येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, हवा संपली असणार. प्रत्यक्षात टाक्या भरलेल्या, मीटरचा काटा जागेवर, बझर गप्प आणि तरीही बस थांबत नाही, असं होऊ शकतं. हे कसं होतं आणि ते आधी का कळत नाही, याचं उत्तर या ब्रेकच्या इतिहासात आहे.

दाबलेल्या हवेचा ब्रेक आला रेल्वेतून. 1869 मध्ये अमेरिकेत त्याचं पहिलं पेटंट निघालं. त्यात इंजिनातून हवा पाठवली की डब्यांचे ब्रेक लागायचे, पण पाइप मध्येच तुटला तर मागच्या सगळ्या डब्यांचा ब्रेक गेला. म्हणून 1872 मध्ये मांडणी उलटी केली: पाइपमधला दाब उतरला की ब्रेक लागणार. बसमध्ये या दोन्ही मांडण्या शेजारीशेजारी नांदतात. पायाचा ब्रेक चाकापर्यंत हवा पोचल्यावर लागतो. हँडब्रेक दणकट स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. सकाळी हवा चढेपर्यंत बस जागची हलत नाही, ती या स्प्रिंगमुळे.

राज्यात एसटीची पहिली बस 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर धावली. त्या काळातल्या मोटारींना एअर ब्रेक हा प्रकार फारसा माहीत नव्हता. तेलाचा ब्रेक, फार तर त्याला व्हॅक्यूमची मदत. पेट्रोल इंजिनात व्हॅक्यूम आपोआप मिळतो, डिझेलमध्ये त्यासाठी वेगळा पंप लागतो. शिवाय व्हॅक्यूम कितीही चांगला असला तरी वातावरणाच्या दाबापलीकडे, म्हणजे साधारण 1 बारच्या वर, त्याची ताकद जात नाही. कॉम्प्रेसरची हवा 7-8 बारपर्यंत सहज जाते. बस लांब झाल्या, वजन वाढलं, तेव्हा हवेला पर्याय उरला नाही. एका ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने 1962 मध्ये मद्रासजवळच्या पाडी इथे एअर ब्रेकचे भाग बनवणारी कंपनी उभी राहिली आणि पुढे हळूहळू हा ब्रेक देशभरच्या बसगाड्यांत रुळला. पुढच्या आणि मागच्या चाकांना हवेच्या वेगळ्या लाइन, हवा गेली तर आपोआप लागणारा स्प्रिंग ब्रेक, या गोष्टी नंतरच्या. मोठ्या नव्या बसना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं ते तर 2015 मध्ये.

एवढ्या सगळ्यात दुर्लक्षित राहिला तो चाकामागचा वीतभर लोखंडी हात, स्लॅक ॲडजस्टर. गॅरेजात त्याला नुसतं ‘स्लॅक’ म्हणतात. पेडल दाबलं की चाकाजवळच्या हवेच्या डब्यातला, म्हणजे चेंबरमधला, रबरी पडदा फुगतो, दांडा बाहेर येतो, स्लॅक फिरतो, त्याच्या टोकाचा एस आकाराचा कॅम वळतो आणि लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून टेकतात. लायनर झिजले की दांड्याला जास्त बाहेर यावं लागतं. 30 नंबरच्या नेहमीच्या चेंबरमध्ये दांड्याची एकूण धाव सुमारे 64 मिलिमीटर, आणि 51 च्या पुढे गेली की ब्रेक जुळणीबाहेर गेला असं धरतात. पडदा तळाला टेकला की चेंबरमध्ये कितीही दाब असो, लायनरपर्यंत जोर पोचत नाही. मीटर मात्र टाकीतला दाब दाखवत राहतो, त्याला चाकाची खबर नसते.

आता घाट. सुमारे 400 मिलिमीटर व्यासाचा ओतीव लोखंडी ड्रम 300 अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सव्वा मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो. वाढ किरकोळ वाटते, पण कॅम आणि स्लॅकच्या हिशेबात तीच दांड्याला सेंटिमीटरभर बाहेर काढते. आगारात थंड असताना 50 मिलिमीटरवर पास झालेला ब्रेक करूळच्या निम्म्यात तळाला टेकण्याच्या बेतात असतो. त्यात तापलेल्या लायनरची पकड कमी झालेली. चालक आणखी जोरात दाबतो, ड्रम आणखी तापतो. खाली उतरून गाडी थंड झाल्यावर तपासली तर सगळं ठीकठाक! मग दोष कुणाच्या माथी जातो, हे सांगायला नको.

जुन्या साध्या स्लॅकला हे अंतर पाना लावून कमी करता यायचं. दोन माणसं, खडू आणि पट्टी पुरे. ब्रेक सुटलेला असताना दांड्यावर खूण करायची, वर बसलेल्याने पेडल दाबायचं, खूण किती सरकली ते मोजायचं. जास्त असेल तर पाना फिरवून आवळायचं, टेकल्यावर थोडं सोडायचं. हे काम वेळखाऊ, गाडीखाली झोपून करायचं, आणि चार चाकांवर सारखं झालं नाही तर बस एका बाजूला ओढणार. साहजिकच ते टाळलं जायचं. यावर उपाय म्हणून स्वयंचलित स्लॅक आले. अमेरिकेत ऑक्टोबर 1994 पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचे झाले, आपल्याकडच्या नव्या गाड्यांवरही आले.

खरा वाद इथून पुढे आहे. स्वयंचलित स्लॅकलाही आवळायची जागा असते, कारण नवे लायनर बसवताना सुरुवातीची जुळणी हातानेच करावी लागते. दांडा जास्त बाहेर येतोय असं दिसलं की जुन्या सवयीचा मेकॅनिक तिथे पाना लावतो. दांडा आत येतो, गाडी लाइनवर जाते, आणि काही फेऱ्यांनी परत तेच. स्वयंचलित स्लॅक स्वतःहून आवळत नसेल तर तो आतून खराब झालाय, किंवा कॅमचं बूश झिजलंय, किंवा बसवतानाच कोन चुकलाय. पान्याने आवळलं की त्या दिवसापुरती खूण पुसली जाते, रोग तसाच राहतो. आणि उलटा फिरवताना आतला क्लच खराब व्हायची भीती वेगळीच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एप्रिल 2003 मध्ये उतारावर एक डंपर थांबू शकला नाही. तिथल्या तपास यंत्रणेने 2006 च्या अहवालात नेमका हाच मुद्दा लावून धरला: स्वयंचलित स्लॅक हाताने आवळणं ही दुरुस्ती नव्हे, ती धोक्यावर घातलेली चादर आहे, अशा आशयाचा.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकायला हवं. गाडी सकाळी सहाला सुटायची आहे, नवा स्लॅक भांडारात नाही, दांडा 55 वर आहे. अशा वेळी न आवळता पाठवणं जास्त वाईट नाही का? आहे. पण मग ती नोंद वहीत लाल शाईने राहिली पाहिजे आणि त्या गाडीला त्या दिवशी घाट नको. कागल-निपाणीच्या सपाटीवर धावेल ती. प्रत्यक्षात आवळलं की तक्रार ‘निकाली’ निघते. स्वयंचलित स्लॅक आणण्याचा निर्णय बरोबरच होता. चूक झाली ती पुढची: यंत्र आपोआप जुळवून घेतं म्हटल्यावर मोजायचीही गरज नाही असं धरलं गेलं. पाना गेला तो ठीक, पट्टी जायला नको होती.

चालकाने स्वतः करायच्या चाचणीबाबतही आपण मागेच आहोत. अमेरिकेत 1986 च्या कायद्यानंतर अवजड वाहनांचे परवाने देशभर एकसारख्या निकषांवर आले आणि एअर ब्रेकची वेगळी परीक्षा ठेवली गेली. ती दिली नाही तर परवान्यावरच तशी मर्यादा लिहिली जाते. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 1994 ला बदल होऊन जड-मध्यम असे प्रकार ‘परिवहन वाहन’ या एका वर्गात आले. एअर ब्रेकसाठी वेगळी नोंद तेव्हाही नव्हती, आताही नाही. जे येतं ते आगारातल्या प्रशिक्षणातून आणि जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून. ज्या गियरमध्ये घाट चढाल त्याच गियरमध्ये उतरा, हे त्यांचं सांगणं आजही सोळा आणे खरं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे मात्र अजून भेटतात.

अमेरिकेतल्या परीक्षेतली चाचणी इथे कुणीही करू शकतो, पाच-सात मिनिटांचं काम. सपाट जागा, चाकाखाली दगड. हवा पूर्ण चढू द्यायची, कॉम्प्रेसरचा भार सुटताना येणारी फुस्स ऐकायची. इंजिन बंद, हँडब्रेक सोडलेला, काटा पाहायचा: एका मिनिटात साधारण 0.14 बारपेक्षा जास्त उतरायला नको. मग पेडल पूर्ण दाबून धरायचं: मिनिटाला 0.2 बारच्या आत. यानंतर किल्ली चालू ठेवून पेडल दाबत-सोडत हवा उतरवत न्यायची. 4 बारच्या आसपास बझर वाजलाच पाहिजे, आणि आणखी खाली, 3 ते 1.4 बारच्या दरम्यान, हँडब्रेकची खुंटी आपोआप बाहेर येते. हे आकडे तिथले आहेत, आपल्या गाडीच्या पुस्तिकेत थोडे वेगळे असू शकतात आणि पुस्तिकेतलेच धरावेत. शेवटी हवा परत चढवून, हँडब्रेक लावून पहिल्या गियरमध्ये हलकेच ओढून बघायचं.

पण या सगळ्या चाचण्या हवेच्या आहेत. गळती, बझर, स्प्रिंग सगळं पास होऊनही दांडा 60 मिलिमीटरवर असू शकतो. म्हणून अमेरिकेतल्या त्या परीक्षेच्या पुस्तिकेत स्लॅक हाताने जोरात ओढून बघायलाही सांगितलंय. इंचापेक्षा जास्त हलला तर मेकॅनिक बोलवायचा. आपल्याकडे ही पायरी बहुतेक वेळा गळते, कारण त्यासाठी गणवेशात गाडीखाली वाकावं लागतं.

पावसाळ्याचं वेगळं. गगनबावडा जिल्ह्यातला सर्वाधिक पावसाचा तालुका. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत साचतं, टाकीतली हवेची जागा कमी होते आणि व्हॉल्व्ह गंजतात. हवा सुकवणारा ड्रायर आल्यापासून टाकीचा कॉक सोडून पाणी काढायची रोजची सवय सुटली. ड्रायरमधला ओलावा शोषणारा दाणा संपला की तो फक्त नावापुरता उरतो, त्यामुळे कॉक सोडून पाहणं सोडू नये. पाणी आलं तर ड्रायरची वेळ झाली.

सरकारी तपासणीत 2018 पासून आठ वर्षांपर्यंतच्या परिवहन वाहनाला दोन वर्षांचं योग्यता प्रमाणपत्र मिळतं, त्यापुढे दरवर्षी. अवजड वाहनांसाठी स्वयंचलित तपासणी केंद्रांची सक्ती 2023 पासून व्हायची होती, ती पुढे ढकलली गेली. अशा केंद्रांत रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक जोर मोजला जातो. निरीक्षकाच्या अंदाजापेक्षा हे कधीही चांगलं, आणि डावं-उजवं चाक किती वेगळं धरतंय हेही कळतं. तरी रोलरवरचा ड्रम थंडच असतो आणि दोन तपासण्यांच्या मध्ये पावसाळा येतोच.

जून 2022 मध्ये पुणे-अहमदनगर मार्गावरच एसटीची पहिली इलेक्ट्रिक बस धावली. या बसमध्ये मोटरच वेग कमी करते, उतारावर लायनरला काम कमी पडतं, पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मोटरचा ब्रेक कमी मिळतो आणि सगळा भार पुन्हा हवेवर येतो. म्हणजे गगनबावड्यालाच चार्ज करून लगेच करूळ उतरणाऱ्या गाडीला हा फायदा सुरुवातीच्या वळणांवर मिळेलच असं नाही. काही नव्या बसना ड्रमऐवजी डिस्क आहेत. डिस्क तापली तरी दांड्याची धाव ड्रमसारखी वाढत नाही, हा मोठा फायदा. मात्र तिथे दांडा कॅलिपरच्या आत झाकलेला असतो, खडूची खूण करता येत नाही. झीज बघायची ती कॅलिपरवरच्या खुणेवरून किंवा चाक काढून पॅडची जाडी मोजून, आणि ते काम चालकाचं नाही, वर्कशॉपचं आहे.