जपानी शिकायची की जपान शिकायचा?

म्हणजे भाषेची पदवी घ्यायची की पूर्व आशिया अभ्यासाची? फरक कळायला एक उदाहरण घेऊ: हंगुल, म्हणजे कोरियन लिपी. राजा सेजोंगच्या काळात 1443 मध्ये ती तयार झाली, 1446 मध्ये जाहीर झाली. आता एकाच विद्यापीठातल्या दोन वर्गांत डोकावू.

पहिल्या वर्गात फळ्यावर अक्षरं काढलेली आहेत. ‘ग’चं अक्षर म्हणजे घशाकडे उचललेल्या जिभेचा आकार, ‘म’चं म्हणजे तोंडाची चौकट. लिपी बघता बघता हाताखाली येते. खरी कसरत पुढे असते, कुणाशी बोलताना क्रियापदाला कोणता प्रत्यय लावायचा याची. दुसऱ्या वर्गातही विषय हंगुलच, पण तिथे एकही अक्षर गिरवलं जात नाही. तिथे प्रश्न असा, की 1444 मध्ये छ्वे माल्ली हा दरबारी विद्वान या लिपीला विरोध का करतो? त्याचं म्हणणं, स्वतःच्या लिप्या काढतात ते मंगोल, जपानी, तिबेटी यांच्यासारखे रानटी लोक. चिनी अक्षरांची परंपरा सोडून आपण त्यांच्या पंगतीला का बसायचं? तिथून चर्चा 1910 ते 1945 च्या कोरियावरच्या जपानी राजवटीवर जाते आणि आजच्या एका विचित्र गोष्टीवर येऊन थांबते: या एकाच लिपीचा दिवस दक्षिण कोरिया 9 ऑक्टोबरला पाळतो आणि उत्तर कोरिया 15 जानेवारीला.

पहिला वर्ग भाषेच्या पदवीचा. दुसरा पूर्व आशिया अभ्यासाचा, म्हणजे प्रदेश-अभ्यासाच्या पदवीचा. भाषेच्या पदवीत भाषा हाच विषय असतो, दुसरीत ती हत्यार असते आणि विषय असतो तो प्रदेश: त्याचा इतिहास, राजकारण, समाज, अर्थव्यवस्था.

गोंधळ होतो कारण पहिल्या वर्षी दोन्हीकडची वेळापत्रकं जवळपास सारखी दिसतात. नावांवरूनही काही कळत नाही. केंब्रिजने 2007 मध्ये आणि ऑक्सफर्डने 2022 मध्ये आपल्या विभागाच्या नावातला ‘ओरिएंटल’ हा जुना शब्द काढून ‘आशियाई व मध्यपूर्व अभ्यास’ अशी पाटी लावली. पण तिथली चिनी किंवा जपानी पदवी आजही मुळात भाषेवर उभी आहे. उलट दुसरीकडे कुठे ‘अभ्यास’ असं भारदस्त नाव असतं आणि भाषा ऐच्छिक असते. पाटी सोडा, तिसऱ्या वर्षाचे विषय वाचा. तिथे मूळ भाषेतले उतारे नेमलेले आहेत की सगळं भाषांतरात, एवढं पाहिलं तरी निम्मा उलगडा होतो.

दोन्ही परंपरांची कुळंही वेगळी आहेत. युरोपात चिनी भाषेचं अध्यासन पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समध्ये 1814 ला सुरू झालं, जपानीचं नेदरलंड्समधल्या लायडनला 1855 मध्ये. जुने ग्रंथ समोर ठेवायचे, कोश आणि व्याकरण तयार करायचं, असं ते काम. प्रदेश-अभ्यासाला खरा पैसा मिळाला तो शीतयुद्धात. 1957 मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक उपग्रह सोडला, अमेरिका हादरली आणि 1958 च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यातून परकीय भाषा आणि प्रदेशांच्या अभ्यासाला सरकारी निधी सुरू झाला. एकाचा जन्म पोथीतून, दुसऱ्याचा सरकारच्या गरजेतून. हा फरक अजूनही जाणवतो. प्रदेश-अभ्यासाचा प्राध्यापक चर्चेत सहज वर्तमानपत्राकडे वळतो, भाषेचा शब्दकोशाकडे.

जाता जाता: ‘पूर्व आशिया’त चीन, जपान, दोन्ही कोरिया, तैवान धरतात, मंगोलिया कधी असतो, कधी नसतो. व्हिएतनामने शतकानुशतकं चिनी अक्षरांत कारभार केला, तरी विद्यापीठांत तो बहुधा आग्नेय आशियाच्या खोलीत बसतो. ओढा तिकडे असेल तर आधीच चौकशी केलेली बरी.

आता तासांचा हिशोब, कारण निर्णय इथेच होतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी बोलणाऱ्याला कामापुरती पक्की चिनी, जपानी किंवा कोरियन यायला वर्गातले सुमारे 2200 तास लागतात, असा तिचा अंदाज आहे. स्पॅनिशला 600 ते 750. (मराठी माणसाला जपानी-कोरियनची वाक्यरचना थोडी सोपी जाते, क्रियापद शेवटी आणि विभक्तीसारखे प्रत्यय नामाला मागून लागतात. पण कांजींपुढे, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांपुढे, मराठीचा काही उपयोग नाही. जपानमध्ये नित्य वापराच्या म्हणून ठरवलेल्याच 2136 आहेत.) समजा, प्रदेश-अभ्यासाच्या पदवीत आठवड्याला चार तास भाषा आहे. वर्षाचे 30 आठवडे धरले तर तीन वर्षांत 360 तास होतात. स्पॅनिशचाही पल्ला गाठला जात नाही. भाषेच्या पदवीत आठवड्याला आठ तास आणि मध्ये एक वर्ष त्या देशात, तिथे आठवड्याला वीस तास, असं गणित मांडलं तर 720 आणि 600, म्हणजे 1320. तरीही 2200 दूरच, पण रस्ता दिसायला लागतो. म्हणून परदेशातलं ते वर्ष सक्तीचं आहे की मर्जीवर, हे फीच्याही आधी विचारावं.

दोन्ही वाटांवर खड्डे आहेत. प्रदेश-अभ्यासाचा खड्डा म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या: थोडा कन्फ्यूशियस, थोडी जपानची मेइजी क्रांती, थोडी सेऊलची अर्थव्यवस्था, आणि मूळ भाषेतलं एक संपादकीयही वाचता येत नाही. भाषेच्या पदवीचा धोका कूपमंडूक होण्याचा. (ही उपमा चिनीतही आहे, विहिरीच्या तळाचा बेडूक, ती ‘च्वांग्त्झ’ या प्राचीन ग्रंथातून आली.) अस्खलित चिनी बोलणारा, पण 1949 मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट कशी आली ते दोन वाक्यांत सांगू न शकणारा पदवीधर असू शकतो. शिवाय साध्या मजकुराचं भाषांतर यंत्रं करू लागल्यापासून नुसत्या भाषेवर पोट भरणं कठीण झालं आहे.

तरीही माझा कौल पदवीच्या पातळीवर भाषेच्या बाजूने आहे, कारण मागून भरून काढता येण्याजोगं काय, तर इतिहास आणि राज्यशास्त्र. वाचनाची सवय असेल तर एक-दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात तो पाया घालता येतो. दीड हजार तासांची भाषा तिथे कोंबता येत नाही. आणि पुढे संशोधन करायचं तर मूळ साधनं वाचता येतात का, हा प्रश्न प्रवेशाच्या दारातच विचारला जातो.

याला एक मोठा अपवाद. ज्याला मुळात अर्थशास्त्र किंवा आंतरराष्ट्रीय संबंध करायचे आहेत आणि चीन हे त्यातलं उदाहरण आहे, त्याने या दोन्हींच्या नादी लागू नये. सरळ अर्थशास्त्राची पदवी घ्यावी आणि जोडविषय म्हणून चिनी घ्यावी.

प्रमाणपत्रांनी फसू नका. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत एन5 ते एन1 अशा पाच पायऱ्या आहेत. सगळ्यात वरची एन1 सुद्धा बोलणं किंवा लिहिणं तपासत नाही, सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे. भाषेच्या पदवीत निबंध लिहावा लागतो, तोंडी परीक्षा असते. बऱ्याच ठिकाणी अभिजात चिनीही येते, म्हणजे जुन्या ग्रंथांची भाषा, जी चिनी माणसालाही वेगळी शिकावी लागते.

राहिला दोन भाषांचा प्रश्न. प्रदेश-अभ्यासवाले हौसेने ‘चिनी आणि जपानी दोन्ही’ असं सुचवतात. शून्यापासून दोन्ही एकत्र सुरू करू नयेत. एकच अक्षर दोन उच्चारांनी डोक्यात बसतं आणि दोन्ही डळमळतात. पहिली दोन वर्षं एकच घ्यावी. चिनी आधी झाली असेल तर कांजींचे अर्थ बरेचसे ओळखीचे निघतात. मात्र चिनी 1956 पासूनच्या सरलीकृत अक्षरांत शिकला असाल तर जपानी आणि तैवानी पुस्तकांतली काही अक्षरं अनोळखी वाटतील, त्यासाठी एखादा महिना वेगळा ठेवावा लागेल.