अळू आणि टॅनिया

अळू (कोलोकेशिया एस्क्युलेंटा) आणि टॅनिया (झँथोसोमा सॅजिटिफोलियम) या सुरणाच्या, म्हणजे ॲरेसी कुळातील दोन उष्णकटिबंधीय कंदवनस्पती. दोन्हींचे देठ थेट जमिनीतून वर येतात, पाने हत्तीच्या कानासारखी पसरतात आणि कच्ची खाल्ल्यास दोन्ही घसा खाजवतात. साहजिकच परसबागेत एकीचे बेणे दुसरीच्या नावाने येऊन रुजते आणि चूक कळते ती काढणीच्या वेळी. तोवर आठ-दहा महिने गेलेले असतात. हे साम्य वरवरचे आहे. ज्या चिखलात अळू पोसते त्यात टॅनियाची मुळे कुजतात आणि अळवाचा जो गड्डा आवडीने खातात, तोच टॅनियात बहुधा बेण्यासाठी राखावा लागतो.

ओळख पटवायची तर पान उलटे करून देठाचा जोड पाहावा. अळवाचे पान ढालीसारखे असते. देठ पात्याच्या कडेला न मिळता मागून, बराच आत येऊन चिकटतो आणि खालची खाच त्या जोडापर्यंत पोचत नाही. वरच्या बाजूने पाहिले तर नेमक्या त्या जागी अनेक वाणांत जांभळट ठिपका दिसतो. टॅनियाचे पान बाणाच्या टोकासारखे असून खाच थेट देठापर्यंत चिरत गेलेली असते. पान उजेडाकडे धरल्यास कडेलगत धावणारी शीर ठळक दिसते. चांगल्या मातीत टॅनिया पुरुषभर उंच होतो, तर अळू बहुधा छातीपर्यंत येऊन थांबते. पाण्याच्या थेंबावरून मात्र ओळखायला जाऊ नये. ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार ज्या मेणचट थरामुळे रूढ झाला, तसाच थर टॅनियाच्या पानावरही असतो.

अळवाचे मूळ दक्षिण व आग्नेय आशियापासून न्यू गिनीपर्यंतच्या पट्ट्यात आहे. पापुआ न्यू गिनीतील कूक येथे दलदलीतल्या शेतीचे किमान ७,००० वर्षांपूर्वीचे पुरावे मिळाले असून तिथल्या दगडी हत्यारांवर अळवाच्या स्टार्चचे कण आढळले आहेत. २००८ मध्ये या जागेचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पॉलिनेशियन दर्यावर्दींनी अळू होड्यांतून पार हवाई बेटांपर्यंत नेले. टॅनिया मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेतला. तिकडे त्याला यौतिया किंवा मलंगा असेही म्हणतात. १८४३ मध्ये तो मिशनऱ्यांबरोबर वेस्ट इंडीजमधून आजच्या घानामध्ये पोचला. अळू तिथे आधीपासूनच होते. लोकांनी दोघांनाही ‘कोकोयाम’ म्हटले आणि फरक दाखवायला एकाला ‘जुना’, दुसऱ्याला ‘नवा’ असे विशेषण जोडले. नावांचा घोळ इतका जुना आहे! प्रत्यक्षात या दोन वेगळ्या प्रजाती आहेत. अळवात २८ किंवा ४२ गुणसूत्रे असतात, टॅनियात २६. दोन्ही शेजारी लावली म्हणून बेणे बिघडण्याचा प्रश्न येत नाही, कारण फुले क्वचितच येतात आणि लागवड कंदांपासूनच होते.

जागा निवडताना सूर्यप्रकाशापेक्षा पाण्याचा विचार आधी करावा. थोडी सावली दोन्ही सोसतात. टॅनिया तर मोठ्या झाडांखालीही बरा वाढतो. अळवाच्या देठांत व मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून पानांकडची हवा खाली उतरते आणि म्हणून ते पाण्यात उभे राहू शकते. पण पाणी वाहते व गार असावे लागते. साचलेल्या, उन्हाने तापलेल्या पाण्यात अळवाचा गड्डाही मऊ पडून कुजतो, ही गोष्ट ‘अळू म्हणजे चिखल’ असे समजणारे विसरतात. भोक नसलेल्या टबात अळू लावणाऱ्याने दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावे, नाहीतर कंदांआधी डासांचे पीक येईल. पाण्यात न ठेवता नुसत्या ओलसर वाफ्यातही अळू छान येते, फक्त माती सुकू देऊ नये.

टॅनियालाही ओलावा भरपूर हवा. वर्षाकाठी १,४०० ते २,००० मिलिमीटर, सारखा विभागून पडणारा पाऊस त्याला मानवतो. मात्र पाणी मुळांशी थांबता कामा नये. थांबले की ‘पिथियम मायरिओटायलम’ या बुरशीसारख्या, पाण्यात पसरणाऱ्या सूक्ष्मजीवामुळे मूळकूज होते. पाने पिवळी पडतात, झाड बसके राहते आणि उपटून पाहिले तर मुळांच्या जागी तपकिरी दोरे उरलेले असतात. कॅमेरूनमध्ये या रोगाने टॅनियाच्या लागवडीचे मोठे नुकसान केले आहे. भुसभुशीत माती, उंच गादीवाफा किंवा वरंबा, वर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन एवढी काळजी घ्यावी. कुठली जागा कोणाला द्यायची हे ठरवण्यासाठी हातभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच असेल तर ती जागा अळवाची. तासा-दोन तासांत जिरले तर टॅनियाची.

जमिनीखालची रचनाही निराळी असते. अळवाचे ढोबळ दोन गट पडतात. एकात मधला गड्डा मोठा होतो आणि पिल्ले, म्हणजे त्याला बाजूने फुटणारे छोटे कंद, थोडी असतात. दुसऱ्यात गड्डा लहान राहून भोवती अळकुड्यांचा घोस लागतो. पहिल्या गटाला आठ-दहा महिने, कधी वर्ष लागते. दुसरा सहा-सात महिन्यांत तयार होतो. टॅनियाचा गड्डा बहुतेक वाणांत खाजरा असतो. खायची ती त्याच्या भोवतीची सुरईच्या आकाराची पिल्ले, एका झाडाला दहा किंवा अधिक, आणि त्यांना नऊ ते बारा महिने लागतात. अळवाच्या स्टार्चचे कण अतिशय बारीक, १ ते ४ मायक्रॉनचे असतात, म्हणून त्याचा कंद पचायला हलका मानतात. टॅनियाचे कण त्याच्या कितीतरी पट मोठे, आणि शिजल्यावर कंद अधिक पिठूळ लागतो.

खाज दोन्हींत एकाच कारणाने येते. पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांच्या जुड्या असतात, त्या तोंडाच्या नाजूक त्वचेत रुततात. भरपूर पाण्यात पुरते उकळून ते पाणी टाकून दिले की खाज जाते आणि विरघळणारे ऑक्झॅलेटही बरेचसे कमी होते. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी तरीही बेताने खावे. सोलताना हातमोजे घालावेत. टॅनियाची कोवळी पानेही शिजवून खातात, पण मोठी जून पाने अळवासारखी वापरायला गेल्यास हमखास फजिती होते. शोभेची म्हणून मिळणारी अलोकेशिया व कॅलेडियम ही भावंडे वेगळीच. खात्री नसलेले झाड ताटात आणू नये.

रोगांच्या बाबतीत पारडे टॅनियाकडे झुकते. पानांवरचा करपा, ‘फायटोफ्थोरा कोलोकेशिये’, अळवाचा मोठा शत्रू आहे. दमट हवेत पानावर पाणी मुरल्यासारखा डाग उठतो, त्याच्या कडेने पिवळसर-नारिंगी थेंब पाझरतात आणि पान काही दिवसांतच काळवंडून गळते. १९९३ मध्ये हा रोग सामोआत शिरला आणि तिथली अळवाची निर्यात जवळपास संपली. टॅनियाला हा करपा धरत नाही, त्यामुळे अनेकांनी तेव्हा त्याचा आधार घेतला. विषाणूजन्य केवडा मात्र दोघांवरही येतो. पानांवर पिसासारखे फिकट पट्टे दिसले की त्या झाडाचे बेणे धरू नये.

काढणीत टॅनिया सोशीक आहे. बाजूची माती हलक्या हाताने उकरून चार-सहा पिल्ले मोडून घ्यावीत, पुन्हा भर द्यावी, झाड वाढत राहते. काढलेली पिल्ले हवेशीर, कोरड्या जागी अळवाच्या मोठ्या गड्ड्यापेक्षा जास्त टिकतात. सोलताना उरणारे डोळे असलेले तुकडे ओढ्याकाठी टाकू नयेत. त्यांतून नवी झाडे उभी राहतात. फ्लोरिडातील पाणथळ जागांत दोन्ही वनस्पती अशाच पसरून तिथल्या आक्रमक वनस्पतींच्या यादीत गेल्या आहेत.