नटाच्या कानाने लिहिणारा पिंटर

ब्रिटिश नाटककार हॅरॉल्ड पिंटर म्हटलं की त्याच्या नाटकांतल्या शांततेची चर्चा होते. त्या शांततेचं मूळ त्याच्या नटपणात आहे, असं मला ठामपणे वाटतं. पण लेखक म्हणून त्याचा एवढा दबदबा झाला की नट पिंटर मागेच पडला.

जन्म १० ऑक्टोबर १९३०, पूर्व लंडनमधल्या हॅकनीचा. वडील बायकांचे कपडे शिवणारे ज्यू शिंपी. शाळेत जोसेफ ब्रिअर्ली या शिक्षकांनी त्याला मॅकबेथ करायला दिला आणि नाटकाचं वेड लागलं ते कायमचं. पुढे राडा या नामांकित नाट्यसंस्थेत त्याचं मन रमलं नाही. सक्तीची लष्करी सेवा नाकारली, दंड झाला.

१९५१ पासून नट ॲन्यू मॅकमास्टरच्या नाटक कंपनीबरोबर आयर्लंडमध्ये गावोगाव शेक्सपिअर. लिमरिकमधली सेंट पॅट्रिकच्या सणाच्या रात्रीची आठवण त्याने लिहून ठेवली आहे. पिऊन आलेलं, गोंगाट करणारं थिएटर, आणि ऑथेल्लोच्या भूमिकेत त्या सगळ्यांना चिडीचूप करणारा मॅकमास्टर. वीस-एकवीस वर्षांच्या नटाने हे शेजारून पाहिलं!

पुढची काही वर्षं त्याने डेव्हिड बॅरन या नावाने इंग्लंडभर कामं केली. १९५४ मध्ये ईस्टबोर्नला दौऱ्यावर असताना एका कळकट घरात भाड्याने राहावं लागलं. तिथल्या भाडेकरूला त्याने विचारलं, इथे का राहतोस? दुसरीकडे कुठे जाणार, असं उत्तर मिळालं. त्या घरातून 'द बर्थडे पार्टी' उभं राहिलं. सुरुवातीलाच घरमालकीण नवऱ्यापुढे कॉर्नफ्लेक्स ठेवते आणि चांगले आहेत ना, म्हणून विचारत राहते. एवढ्या साध्या बोलण्यातही बघणाऱ्याला अस्वस्थ वाटू लागतं.

मे १९५८ मध्ये लंडनमधल्या हॅमरस्मिथच्या लिरिक थिएटरमध्ये हे नाटक आलं आणि आठवड्याभरात बंद पडलं. गुरुवारच्या दुपारच्या प्रयोगाला पिंटर स्वतः गेला, तर बाल्कनी बंद. मी लेखक आहे म्हटल्यावर दारावरच्या बाईला त्याची कीवच आली. 'संडे टाइम्स'मध्ये नाट्यसमीक्षक हॅरॉल्ड हॉब्सनने मनापासून कौतुक केलं, पण ते छापून आलं तोवर पडदा पडला होता. यश आलं १९६० मध्ये, 'द केअरटेकर' या नाटकाने.

त्याच्या संहिता नटासारख्या वाचायला हव्यात. तीन टिंबं असली की पात्र शब्दासाठी अडखळतंय. 'पॉज' लिहिलं असेल तर ते बोलायचं थांबलंय, मनात मात्र बोलणं चालूच आहे. 'सायलेन्स' आला की आधीचं सगळं तुटलं, आता नवीन जागेवरून सुरुवात. समोरचा प्रेक्षक किती वेळ श्वास रोखून बसेल, हे ज्याला रोज रात्री अजमावावं लागलं, त्यालाच हे इतकं नेमकं लिहिता येतं.

अभिनय त्याने कधी सोडला नाही. 'द केअरटेकर'मधला मिक, 'द होमकमिंग'मधला लेनी त्याने स्वतः केला. २००५ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा आजारपणामुळे त्याचं भाषण चित्रित करून पाठवावं लागलं. तरी ऑक्टोबर २००६ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये तो पुन्हा रंगमंचावर आला. सॅम्युएल बेकेटचं 'क्रॅप्स लास्ट टेप' हे नाटक, व्हीलचेअरवर बसून, एकट्याने. टेपरेकॉर्डरवर स्वतःचाच जुना आवाज ऐकणारा म्हातारा. २४ डिसेंबर २००८ रोजी पिंटर गेला. त्या प्रयोगांनंतर रंगमंचावर त्याने भूमिका केली नाही.