एकच चिप टाकली, तर कॉल की रेज?

पोकरच्या टेबलावर समोरच्याने 100 ची पैज लावली आहे. पुढचा खेळाडू काही न बोलता 500 ची एकच चिप टाकतो. त्याला पैज वाढवायची, म्हणजे रेज करायची असते, पण पानं वाटणारा डीलर तो कॉल, म्हणजे समोरच्याएवढीच पैज, धरतो आणि 400 परत देतो. खेळाडू चिडून वादाचा निवाडा करणाऱ्या फ्लोअर मॅनेजरला बोलावतो, तरी निकाल तोच राहतो. आधी तोंडाने ‘रेज’ म्हटलं असतं, तर त्याच चिपने पैज 500 वर गेली असती.

नवख्याला हे जाचक वाटतं. पण अशा प्रत्येक नियमामागे कधीतरी झालेली लबाडी असते. ‘कॉल...’ म्हणून क्षणभर थांबायचं, समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि मग ‘...आणि वर 200’ अशी पुस्ती जोडायची, ही जुनी युक्ती. तिला स्ट्रिंग बेट म्हणतात. ती मोडण्यासाठीच पहिला शब्द बांधील ठरला. मोघम चिपचंही तसंच: समोरच्याची प्रतिक्रिया पाहून अर्थ ठरवायची सोय कुणालाच नको.

एकोणिसाव्या शतकात न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपीवरच्या बोटींतून पोकर पसरला, तेव्हा निवाडा करायला तटस्थ माणूसच नसे. नेवाडाने 1931 मध्ये जुगार कायदेशीर केला. पुढे कॅसिनोंच्या पोकर रूममध्ये डीलर आणि फ्लोअर मॅनेजर आले, पण नियम ज्या-त्या रूमचे. लिमिट खेळात पैजेची रक्कम ठरलेली असल्याने रकमेवरून भांडायला फारसा वाव नव्हता. लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशूमध्ये 1970 ला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर सुरू झाली, तिच्यामुळे नो-लिमिट होल्डेम हा पैजेला कमाल मर्यादा नसलेला पोकरचा प्रकार गाजला आणि ‘किती?’ हाच वादाचा मुद्दा झाला.

एकाच कृतीचा दोन शहरांत वेगळा निकाल लागणं खेळाडूंवर अन्याय करणारं होतं. म्हणून 2001 मध्ये मॅट सॅवेज, लिंडा जॉन्सन, जॅन फिशर आणि डेव्हिड लॅम्ब यांनी टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन स्थापन केली. ते वेळेवर झालं म्हणायचं. ऑनलाइन पात्रता मिळवून आलेल्या क्रिस मनीमेकरने 2003 ची वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा जिंकली, आणि 839 वरून वर्षभरात तिथले खेळाडू 2,576 झाले. यातले कितीतरी जण पडद्यावर बटण दाबत शिकलेले. तिथे पाळी नसताना खेळताच येत नाही, कमीत कमी रेज किती हे संगणक सांगतो. टेबलावर ते स्वतःलाच बघावं लागतं.

असोसिएशनच्या नियमावलीत एक कलम मला सर्वांत मोलाचं वाटतं: असाधारण प्रसंगी न्याय्यतेसाठी नियमाच्या अक्षरापेक्षा तारतम्य वरचढ. जाणूनबुजून संदिग्ध खेळणारा आणि खरोखर गोंधळलेला यांत फरक करायला फ्लोअर मॅनेजरला त्यामुळे जागा मिळते. जिंकणारी पानं हातात असूनही ती दाखवायला मुद्दाम वेळ लावणं, म्हणजे स्लो रोल, हे मात्र बहुतेक ठिकाणी निव्वळ शिष्टाचारावरच सोडलेलं आहे. शिवाय ही नियमावली टूर्नामेंटसाठी आहे. कॅश गेममध्ये, म्हणजे थेट पैशांवरच्या खेळात, अजूनही त्या-त्या रूमचेच नियम चालतात, आणि चिपा नेमक्या कुठवर सरकल्या की पैज लागली, याचं उत्तर टेबलागणिक बदलतं.