शंभर योजने अनवाणी: मधुमेही पाय आणि चालण्याचा इतिहास

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या (लघवीच्या विकारांचा गट, मधुमेह त्यातलाच) रोग्यासाठी एक उपचार सांगितला आहे. ज्याच्याकडे धन नाही, ज्याला आप्त नाहीत, त्याने पायात पादत्राण न घालता, डोक्यावर छत्री न धरता, भिक्षा मागून खात, एका गावात एकच रात्र काढत, मुनीसारखे मन आवरून शंभर योजने किंवा त्याहूनही जास्त चालावे. योजन बारा-तेरा किलोमीटरचे धरले तरी हे अंतर हजार किलोमीटरच्या पुढे जाते. आळंदी ते पंढरपूर ही पायवाट साधारण अडीचशे किलोमीटरची आहे, म्हणजे चार वाऱ्यांहून अधिक. तिथेच शेत नांगरावे, विहीर खणावी असेही सुचवले आहे आणि लगेच एक छोटे वाक्य येते: 'कृशं तु सततं रक्षेत्'. जो मुळातच वाळलेला आहे त्याला मात्र जपावे.

त्याच्या पुढच्याच अध्यायात प्रमेहातल्या पिडकांचे, म्हणजे गळवांचे वर्णन आहे. मधुमेही माणसाच्या या पिडका शरीराच्या खालच्या भागात उठतात, असे तिथे म्हटले आहे. चालणे हे औषध आणि पाय ही दुखरी जागा, दोन्ही गोष्टी शेजारच्या पानांवर आहेत. पण 'अनवाणी चाल' हा सल्ला आणि 'खालच्या अंगाला गळवे उठतात' हे निरीक्षण यांची गाठ तिथे घातलेली दिसत नाही. ही गाठ घालायला जगाला फार मोठा काळ लागला आणि ती शेवटी भलत्याच आजाराच्या दवाखान्यात घातली गेली.

युरोपातही दोन वाटा वेगळ्याच चालत राहिल्या. फ्रान्समध्ये बुशार्दा या डॉक्टरांनी मधुमेहींना कमी खायला आणि अंग मोडून कष्ट करायला सांगितले. १८७० च्या वेढ्यात पॅरिसमध्ये अन्नाची टंचाई झाली, तेव्हा रोग्यांच्या लघवीतली साखर कमी झालेली त्यांनी पाहिली होती. दुसरीकडे मार्शाल द काल्वी यांनी १८५२ मध्ये आणि लंडनच्या टॉमस हॉजकिन यांनी १८५४ मध्ये मधुमेह आणि गँगरीन (मांस मरून सडणे) यांचा संबंध मांडला. १८८७ मध्ये डेव्हिस प्राइस या इंग्रज डॉक्टरांनी असा रोगी नोंदवला, ज्याच्या दोन्ही तळपायांना खोल आरपार क्षते होती, चाल डळमळीत होती आणि त्याला मधुमेह होता. रक्तवाहिन्यांबरोबर नसाही (म्हणजे मज्जातंतूही) या दुखण्यात आहेत, हे त्यातून दिसू लागले.

मला या सगळ्यांत फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांचे काम मोलाचे वाटते. हे तेच शल्यविशारद, ज्यांनी पुढे १९०२ मध्ये राज्याभिषेकाच्या तोंडावर सातव्या एडवर्डवर शस्त्रक्रिया केली. १८८४ मध्ये त्यांनी तळपायाच्या अशा क्षतांवर उपाय लिहिला: भोवतीचा कडक घट्टा शेकून मऊ करून कापून टाकायचा, त्या जागेवर भार पडू द्यायचा नाही आणि जखम भरल्यावर पायात काय घालायचे ते रोग्याला समजावायचे. आजच्या पायाच्या दवाखान्यातही मुळात हेच चालते. नवे पुष्कळ आले, पण तो घट्टा कापणारा हात अजून तोच आहे.

इन्सुलिन १९२२ मध्ये आले आणि चित्र पालटले. ब्रिटिश डॉक्टर आर. डी. लॉरेन्स यांनी १९२६ मध्ये दाखवले की व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम वाढतो. बोस्टनचे डॉक्टर एलियट जॉस्लिन आहार, इन्सुलिन आणि व्यायाम यांना मधुमेह्याच्या रथाचे तीन घोडे म्हणत. पण इन्सुलिनमुळे माणसे जगू लागली, म्हाताऱ्या वयापर्यंत पोचू लागली, आणि तिथे पाय आडवा आला. पूर्वी ज्यांचा जीव कोमात जायचा त्यांची संख्या घटली आणि गँगरीनने जाणाऱ्यांची वाढली. जॉस्लिन यांनी १९२८ मध्ये डीकनेस रुग्णालयात पायांसाठी वेगळी तुकडी उभी केली आणि १९३४ मध्ये लिहिले की गँगरीन स्वर्गातून उतरत नाही, ते इथेच मातीवर जन्मते. पाय रोज धुवा, कोरडे करा, पाहा, नखे जपून कापा ही त्यांची शिकवण परिचारिका घरोघर नेत. म्हातारपण, मधुमेह आणि पाय हा तिढा असा इन्सुलिनच्या यशातूनच पुढे आला.

त्याच काळात पायातला रक्तप्रवाह सुधारण्यासाठी लिओ बर्गर यांचा व्यायाम रूढ झाला. आर्थर अ‍ॅलन यांनी १९३० च्या दशकात त्यात भर घातली. पाय वर उचलून धरायचे, मग पलंगाच्या कडेला लोंबते सोडायचे, मग सरळ पडून राहायचे. आपल्याकडच्या फिजिओथेरपीत तो आजही शिकवतात.

खरे वळण आले तमिळनाडूत. पॉल ब्रँड हे १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हाडांचे शल्यविशारद होते. तिथे कुष्ठरोग्यांच्या हातापायांच्या जखमा त्यांच्यापुढे रोज येत. कुष्ठरोग्याचे मांसच सडके, ते भरून येत नाही, अशी तेव्हाची समजूत होती आणि ती पुष्कळ डॉक्टरांचीही होती. ब्रँड यांनी ती मानली नाही. त्यांनी प्रत्येक जखमेचा मागोवा घेतला: ही कशाने झाली, कधी, काय करताना? खिळा वर आलेली चप्पल, चुलीवरचे तापलेले भांडे, कडी उघडताना लावलेला अवाजवी जोर. काही रोग्यांची बोटे रात्रीतून नाहीशी होत. पाहणीत कळले की झोपेत उंदीर ती कुरतडत होते आणि माणसाला जाग येत नव्हती. मग घरी परतणाऱ्या रोग्याबरोबर मांजर देण्याची पद्धत पडली. मांस चांगले होते, हरवली होती ती वेदना.

वेदना गेली की माणूस लंगडत नाही, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्या आत्याची आठवण झाली. चवड्याखाली रुपयाएवढे क्षत आणि ती टवटवीत चालीने भाजी आणायला जायची. आम्ही घरचे म्हणायचो, 'दुखत नाही म्हणजे साधेच असेल.' न दुखणे हेच तिथे धोक्याचे लक्षण होते, आणि हे आम्हाला सांगणारे तेव्हा कोणी भेटले नाही.

सारख्या बसणाऱ्या छोट्या दाबानेही बधिर पाय फुटतो, हे ब्रँड यांचे दुसरे मोठे सांगणे. नुसता खिळा किंवा काचच लागते असे नाही. तीच जागा, तेच पाऊल, दिवसातून हजारो वेळा. ज्याला संवेदना आहे तो नकळत चाल बदलतो, भार दुसऱ्या कडेला टाकतो, बूट सैल करतो. बधिर पाय हे करत नाही. म्हणून दोन उपाय पुढे आले. एक, तळव्याला घट्ट बसणारे प्लास्टर, जे भार पूर्ण पायावर वाटून देते. हे प्लास्टर घालून माणूस हिंडतो आणि जखम आतल्या आत भरत जाते. त्याची मुळे १९३० च्या दशकातल्या सिलोन आणि भारतातल्या कुष्ठरोग-चिकित्सेत आहेत. दुसरा उपाय म्हणजे मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल. तिलाच आज दुकानात 'एमसीआर' किंवा 'डायबेटिक चप्पल' म्हणतात. कुष्ठरोग्यांसाठी घडलेली ही चप्पल ओळखू येई, म्हणून कित्येकांनी ती पायात घालायला नकार दिला. अमरावतीचे तपोवन आणि वरोऱ्याचे आनंदवन ज्या महाराष्ट्रात उभे राहिले, तिथल्या वाचकाला या नकारामागची लाज समजावून सांगावी लागणार नाही.

ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांच्या ध्यानात आले की मधुमेहींचे बधिर पाय हुबेहूब तसेच वागतात. प्लास्टर, चप्पल, दाब मोजण्याची रीत, सगळे कुष्ठरोगाकडून मधुमेहाकडे आले. नायलॉनचा तो तंतूही तिथूनच घरोघर पोचला, जो तळव्यावर टेकवून डॉक्टर 'लागतंय का?' विचारतात. तो मुळात मेंदूला इजा झालेल्यांची संवेदना मोजण्यासाठी सेम्स आणि वाइनस्टाइन यांनी वापरला होता. दहा ग्रॅम भाराला वाकणारा तंतू ज्याला कळत नाही, त्याच्या पायाला संरक्षण उरलेले नाही, ही मोजपट्टी कारव्हिलमधल्या कामातून रुळली.

पण याच शोधाची एक सावली पडली. दाबाने पाय फुटतो, तर चालूच नका. पुढची काही दशके बधिर पायाच्या मधुमेह्याला सायकल, पोहणे, खुर्चीतला व्यायाम एवढेच सुचवले जाई. तरुणाला ते जमते. सत्तरीच्या माणसाला पोहणे कुठले आणि सायकल कुठली? त्याच्या वाट्याला खुर्ची येते. पोटऱ्या सुकतात, घोट्याचा ताठरपणा वाढतो, तोल जातो, साखर वाढते, आणि पडल्यावर मांडीचे हाड मोडण्याची भीती वेगळीच. जपण्याच्या नादात केलेले हे नुकसान मोजण्याची पद्धत त्या काळात नव्हती, म्हणून ते कुणाच्या डोळ्यावर आले नाही.

नव्या शतकाच्या सुरुवातीला या मनाईची तपासणी झाली. २००३ मध्ये लीमास्टर आणि सहकाऱ्यांनी सुमारे चारशे मधुमेह्यांच्या माहितीतून दाखवले की रोज जास्त वेळ पायांवर राहणाऱ्यांत क्षते जास्त होत नाहीत. २००४ मध्ये आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी शंभर जणांच्या हालचाली यंत्राने मोजल्या. आठ जणांना क्षत झाले. आश्चर्य असे की हे आठ जण इतरांपेक्षा एकूण कमी चालणारे होते, पण त्यांच्या चालण्यात फार चढउतार होते. चार दिवस घरात बसून, मग लग्नकार्यात किंवा यात्रेत एकदम पायपीट. मला या निष्कर्षात आपल्या घरातली सगळी ज्येष्ठ माणसे दिसतात. वर्षभर गच्चीपर्यंत जाणारे आजोबा आषाढात दिंडीला निघतात, तेव्हा त्यांच्या भक्तीबद्दल कोणाला शंका नसते. पण त्यांच्या पायांनी ती सवय केलेली नसते. जो वारकरी वैशाखापासून रोज थोडे थोडे वाढवत चालतो, त्याचा पाय वेगळा असतो.

२००६ मध्ये इटलीतल्या बाल्डुची आणि सहकाऱ्यांनी चार वर्षांच्या अभ्यासात आठवड्याला चार तास भराभर चालण्याचा परिणाम पाहिला. व्यायाम करणाऱ्यांत नसांचा आजार कमी उद्भवला. २००८ मध्ये लीमास्टर यांच्याच पुढच्या प्रयोगात बधिर पायांच्या ७९ जणांपैकी एका गटाला पायांची ताकद, तोल आणि चालणे टप्प्याटप्प्याने शिकवले गेले. क्षते वाढली नाहीत. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेने आणि क्रीडावैद्यक संस्थेने संयुक्त निवेदनात मान्य केले की पायाला उघडी जखम नसेल तर बधिरता असणाऱ्यांनाही भार देणारा मध्यम व्यायाम चालेल. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात, कमी वा मध्यम धोक्याच्या पायांसाठी, रोजच्या चालण्यात एक हजार पावलांची भर बहुधा सुरक्षित असल्याचे नमूद आहे. हजार पावले म्हणजे दहा-बारा मिनिटे. उघड्या जखमेच्या पायाला ही सूट नाही, तिथे ट्रीव्ह्ज यांचाच नियम लागू: भार काढा.

भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह-पाहणीच्या अंदाजानुसार दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. डॉक्टर-परिचारिका जोडीने पायांची काळजी शिकवणारा 'स्टेप बाय स्टेप' उपक्रम भारत आणि टांझानियात सुरू झाला, त्यात मुंबईचे डॉ. अरुण बाळ यांच्यासारखे लोक पुढे होते. पुस्तकी मार्गदर्शनात न बसणाऱ्या गोष्टी आपल्याकडेच कळल्या. उन्हाळ्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातल्याने भाजलेले तळवे. शेतातून परतल्यावर अंगणात चप्पल काढून घरात अनवाणी फिरण्याची सवय. वेल्लोरची उंदरांची गोष्टही जुनी झालेली नाही. मधुमेह्यांच्या बधिर बोटांना उंदरांनी रात्री चावल्याच्या नोंदी भारतीय डॉक्टरांनी पुढेही केल्या आहेत.

म्हाताऱ्या माणसाची अडचण आणखी साधी असते. त्याला आपला तळपाय दिसत नाही. कंबर वाकत नाही, मोतीबिंदू असतो, नखे जाड झालेली असतात. 'रोज पाय तपासा' हा जॉस्लिन यांचा धडा त्याला एकट्याने गिरवता येत नाही. म्हणून घरात कुणीतरी रोज संध्याकाळी त्याचे दोन्ही पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्या पाहायच्या, घट्टे चाचपायचे, उष्णता हाताने जोखायची, आणि मग सकाळी फिरायला जाताना मोज्यांच्या आत काही टोचणारे नाही ना ते बघायचे. चप्पल दिवसातून दोनदा उलटी करून झटकायची. घरातही अनवाणी चालायचे नाही, देवघरापुरतेसुद्धा नाही.