हॅलिबर्टनच्या नावावर खपवलेल्या म्हणी

थॉमस चँडलर हॅलिबर्टन, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा वकील, आमदार, नंतर जज, याच्याबद्दल कित्येक वर्षं एकच गोष्ट फिरतेय की 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' (म्हणजे मुसळधार पाऊस) आणि 'अर्ली बर्ड'वाली (लवकर उठणाऱ्या पक्ष्यालाच किडा मिळतो) अशा इंग्रजी म्हणी त्याने तयार केल्या. नाही हो! पहिली लेखक जोनाथन स्विफ्टच्या 1738 च्या पुस्तकात आहे, दुसरी इंग्लंडच्या जॉन रेच्या 1670 च्या म्हणसंग्रहात, आणि हॅलिबर्टनचा जन्मच मुळी 1796 चा.

झालं असं की 1835 पासून त्याने पेपरात सॅम स्लिक नावाचा घड्याळविक्या रंगवला, त्याच्या तोंडी लोकांची रोजची बोली घातली, तो तुफान गाजला आणि बोलीतल्या म्हणीच लेखकाच्या नावावर चढल्या. पण त्याचं खरं कसब बघा ना! सॅम साडेसहा डॉलरचं घड्याळ 'मी परत येईपर्यंत जरा सांभाळा' म्हणून एका घरात ठेवून जातो, कारण एकदा सवय लागली की ते घर घड्याळ सोडणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि ते 40 डॉलरला खपतं. माणसाचा स्वभाव इतका अचूक पकडणाऱ्याला उसन्या म्हणींचं श्रेय कशाला हवं?